जुनी खाऱ्या पाण्याची टाकी आता रीफ म्हणून सुरू करायची तर मधल्या काळात काय काय बदललं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००० सालाच्या आसपास घरात चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी होती. खाली अंडरग्रॅव्हल फिल्टर (चुऱ्याखालची जाळी, जिच्यामुळे पाणी चुऱ्यातून फिरतं), वर पांढरी वाळलेली कोरलं (प्रवाळं), दोन डॅमसेल मासे आणि एक क्लाउनफिश. आता तीच टाकी माळ्यावरून काढून तिच्यात जिवंत कोरल ठेवायचं आहे, म्हणजे रीफ टाकी करायची आहे. काय बदललं, आणि जुन्या सामानातलं काय चालेल?

चालेल ती फक्त काच, आणि तीही तपासून. वीस वर्षं माळ्यावर तापलेलं सिलिकॉन कडेने सुटायला लागतं. टाकी सपाट फरशीवर ठेवून काठोकाठ भरा आणि आठवडाभर तशीच ठेवा. कडा नखाने सुटत असतील तर आतली सगळी शिवण ब्लेडने काढून नवी भरा, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर नीट चिकटत नाही. बाथरूमसाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमध्ये विष असतं, ते टाकीला लावू नका. अंडरग्रॅव्हलची जाळी आणि कोरलचा चुरा सरळ टाकून द्या. त्या काळी माशांवर पांढरे ठिपके दिसले की औषधाचं तांबं थेट मुख्य टाकीत ओतायची पद्धत होती. ते तांबं चुनखडीच्या चुऱ्यात आणि दगडात मुरतं आणि पुढे थोडंथोडं सुटत राहतं. माशांना ते चालून जातं, पण गोगलगाय, कोळंबी आणि कोरल त्यात टिकत नाहीत.

अंडरग्रॅव्हलवर कोरल का जगत नव्हतं, हे कळलं की पुढचे बदल आपोआप उलगडतात. चुऱ्यातून प्राणवायू असलेलं पाणी फिरत राहायचं, त्यामुळे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू तिथे भरपूर वाढायचे. नायट्रेटच्या पुढे मात्र काही होत नव्हतं. त्याचा नायट्रोजन वायू करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू नसलेली जागा लागते, ती तिथे नव्हतीच. शिवाय जाळीखाली साठलेला गाळ सडत राहायचा. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली समुद्रातले जिवंत दगड (जिवाणू आणि बारीक जीव वसलेले सच्छिद्र दगड), समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच कोरल ठेवून दाखवलं होतं, पण त्या पद्धतीकडे तेव्हा फार लोक वळले नाहीत. १९८६ साली अमेरिकेत जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी 'मिनी रीफ'ची लाट आणली. तिचा आधार होता ट्रिकल फिल्टर: प्लॅस्टिकच्या बायोबॉलवरून पाणी ठिबकत खाली यायचं. हवा भरपूर मिळायची, त्यामुळे अमोनिया चटकन संपायचा, पण नायट्रेटचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला. बर्लिनच्या मंडळींनी तो सोडवला. त्यांनी बायोबॉल काढून टाकले आणि जिवंत दगड, मोठा प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने घाण काढणारं यंत्र), जोरदार प्रकाश आणि चुन्याचं पाणी या चार गोष्टींवर टाकी उभी केली. दगडाच्या बाहेरच्या थरात अमोनियाचं नायट्रेट होतं आणि आतल्या बारीक छिद्रांत नायट्रेटचा वायू होऊन निघून जातो. आजची बहुतेक प्रत्येक रीफ टाकी म्हणजे याच पद्धतीचं पुढचं रूप आहे.

या चुन्याच्या पाण्याला हौशी लोक 'काल्कवासर' म्हणतात. हा जर्मन शब्द आहे आणि ही पद्धत पीटर विल्कन्स यांनी सत्तरच्या दशकात रूढ केली. आपल्याला ती शाळेपासून माहीत आहे: चुन्याची निवळी. एका लिटर आरओ-डीआय (गाळून सगळे क्षार काढलेल्या) पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं, उरलेलं तळाला बसतं. वरची नितळ निवळी तेवढी घ्यायची आणि रोज उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागी थेंबथेंब सोडायची, शक्यतो रात्री, कारण तेव्हा टाकीचा पीएच उतरलेला असतो. पानाच्या गादीवरचा चुना वापरू नका. प्रयोगशाळेच्या किंवा खाद्य दर्जाच्या पिशवीवर शुद्धता लिहिलेली असते, ती बघून घ्या. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. २०० लिटरच्या टाकीत दिवसभरात ३ लिटर निवळी गेली तर अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, तो डीकेएच या एककात मोजतात) साधारण १.८ डीकेएचने वाढते, कोरल तेवढी खर्च करत असेल तर ते ठीक आहे. पण फ्लोट अडकून २० लिटरचा कॅन रात्रीत रिकामा झाला तर सकाळी टाकी दुधासारखी पांढरी झालेली असते आणि आतलं बहुतेक सगळं मेलेलं असतं. म्हणून टॉप-ऑफला (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राला) दोन सेन्सर हवेत आणि कॅन दोन दिवसांच्या बाष्पीभवनापेक्षा मोठा नको.

आता मुख्य बदल. तुम्ही टाकी ठेवत होता तेव्हा पाणी तपासायचं म्हणजे पीएच, नायट्राइट आणि खारटपणा मोजणारा काट्याचा हायड्रोमीटर. आज रीफ ठेवणाऱ्याला रोजचा एकच आकडा विचारा, तो अल्कलिनिटी सांगेल. दगडी कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं. कॅल्शियम पाण्यात मुबलक असतं (४२० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ४२० भागांच्या आसपास), कार्बोनेटचा साठा मात्र तोकडा असतो. हिशोब असा आहे की अल्कलिनिटी २.८ डीकेएच खर्च होते तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएम उतरतं. म्हणजे कॅल्शियमच्या टेस्टमध्ये काही दिसायच्या आत अल्कलिनिटी ८.५ वरून ५.७ वर आलेली असते. आकडा ७.५ ठेवायचा की ९, यावर वाद घालणारे घालोत. दिवसात अर्ध्या-पाऊण डीकेएचपेक्षा जास्त हलू द्यायचा नाही, हे मात्र सगळ्यांनाच पाळावं लागतं.

खर्च मोजायची रीत सोपी आहे. पाणी न बदलता, काही न घालता, लागोपाठ तीन दिवस रोज त्याच वेळी अल्कलिनिटी मोजा. समजा ८.६, ८.३, ८.० असे आकडे आले, तर टाकी रोज ०.३ डीकेएच खाते. १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणून निव्वळ २०० लिटर पाण्याला रोजचा डोस १.८ ग्रॅम. दगड आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करून हिशोब करा, नाहीतर डोस जास्त पडतो. टाकीत कोरल वाढलं की सोडा आणि कॅल्शियम क्लोराइडची द्रावणं वेगवेगळ्या बाटल्यांत बनवून छोट्या डोसिंग पंपाने दिवसभर विभागून सोडतात. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी सोडली तर पाण्यातच पांढरा साका होतो. मॅग्नेशियम १३०० ते १३५० पीपीएम असावं. ते १२०० च्या खाली गेलं की कॅल्शियम कार्बोनेट कोरलऐवजी हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर जमायला लागतं आणि अल्कलिनिटी कितीही घातली तरी चढत नाही. महिनाभर असं झगडत बसलेल्यांना मी पहिला प्रश्न मॅग्नेशियमचा विचारतो.

हायड्रोमीटरबद्दल एक गोष्ट: त्याच्या काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला की काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं. आता रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा सांगणारं यंत्र) वापरतात. तो साध्या पाण्यावर शून्य करून थांबू नका, ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मिठाच्या) द्रावणाने जुळवा, कारण शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर दोन-तीनने चुकू शकतं. मीठ लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, पण आधी विरघळू द्या आणि मग मोजा. पाणी आरओ-डीआयचंच हवं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. चौपाटीवरून कॅन भरून आणायचा विचार सोडून द्या. किनाऱ्याजवळ सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरतो.

दुसरा मोठा बदल समजुतीतला आहे, आणि नव्या टाक्या सर्वांत जास्त इथेच फसतात. २००० नंतरच्या दशकात नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायची चढाओढ लागली होती. लोक टाकीत मोजून व्होडका घालत, जिवाणूंना कार्बन मिळावा म्हणून. फॉस्फेट शोषणारी लोहयुक्त माध्यमं रिअॅक्टरमध्ये फिरत असत. काही टाक्या अप्रतिम दिसल्या, पण कित्येकांची अॅक्रोपोरा (फांद्यांचं नाजूक दगडी कोरल) फिकट पडली, टोकं जळाली. अन्न नाही आणि अल्कलिनिटी मात्र १०-११, अशा पाण्यात सांगाडा मांसापेक्षा पुढे धावतो. आज नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम राखतात, आणि शून्य आलं की काळजी करतात.

काळजीचं कारण डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे टाकीत माजणारे एकपेशीय सूक्ष्मजीव. पूर्वी जिवंत दगड फिजी, टोंगा, इंडोनेशियाहून यायचा आणि त्याच्याबरोबर शेकडो प्रकारचे जिवाणू, किडे, स्पंज फुकट यायचे. पुढे निर्बंध वाढत गेले. २०१८ साली इंडोनेशियाने कोरलची निर्यातच थांबवली आणि ती २०२० मध्ये पुन्हा सुरू केली. त्यामुळे आजची नवी टाकी बहुधा कोरड्या दगडाने सुरू होते. त्यात कीड नसते, एपटेशिया (उपद्रवी समुद्रपुष्प) नसतो, पण दुसरं काही जिवंतही नसतं. अशा मोकळ्या रानात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेलं की तपकिरी शेंबडासारखे तंतू सगळीकडे पसरतात. टोकाला बुडबुडे लटकतात, रात्री दिवा बंद झाला की पातळ होतात आणि दुपारपर्यंत पुन्हा जोमाने वर. साधी शेवाळ समजून पाणी बदलत राहिलात तर ते वाढतच जातं, कारण तुम्ही उरलंसुरलं अन्नही काढून घेता.

इथे एक स्वस्तातला सूक्ष्मदर्शक लागतो, ४०० पट दाखवणारा. ड्रॉपरने थोडा शेंबूड काचपट्टीवर घ्या. अश्रूच्या थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकाला दोरीने बांधल्यासारख्या जागच्या जागी गरगर फिरताना दिसल्या तर ती ऑस्ट्रिऑप्सिस. ती रात्री पाण्यात तरंगते, म्हणून यूव्ही दिवा तिच्यावर लागू पडतो. मात्र त्या दिव्याने पाणी मुख्य टाकीतून घेऊन मुख्य टाकीतच सोडलं पाहिजे, संपमध्ये (खालच्या जोडटाकीत) लावून उपयोग नाही. ती विषारी असते, टाकीतल्या गोगलगाई पटापट मरायला लागतात. पेशी गोलसर, संथ सरकणाऱ्या आणि वाळूतच राहणाऱ्या असतील तर बहुधा मोठ्या पेशींची अॅम्फिडिनियम. तिला यूव्ही काही करत नाही. तिथे सिलिकेट घालून डायटम (सूक्ष्म शेवाळ) वाढवतात आणि ते तिची जागा घेतात. दोन्ही बाबतीत नायट्रेट ५ च्या वर आणि फॉस्फेट ०.०५ च्या वर आणून ठेवायचं. २०० लिटरला नायट्रेट १ पीपीएम वाढवायला सोडियम नायट्रेट ०.२७ ग्रॅम पुरतं. फॉस्फेट सुरुवातीला घालाल ते दुसऱ्या दिवशी गायब होईल. कोरडा दगड ते शोषतो, तो तृप्त होईपर्यंत रोज मोजून घालत राहावं लागतं. दोन महिने लागू शकतात. धीर सोडून टाकी मोडू नका.

हे टाळायचा उत्तम उपाय म्हणजे कोरडा दगड वापरलात तरी ओळखीच्या, दोन-तीन वर्षं नीट चाललेल्या टाकीतला मूठभर दगड किंवा वाळू मिळवणं. सुरुवातीला बाटलीतले जिवाणू आणि २ पीपीएम अमोनियम क्लोराइड घालून टाकी सायकल करा, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू तिच्यात वाढू द्या. अमोनिया आणि नायट्राइट चोवीस तासांत शून्यावर यायला लागले की मासा सोडा. डॅमसेलला बळी देऊन सायकल करायची जुनी पद्धत आता कुणी करू नये. अमोनियाने त्याचे कल्ले भाजून निघतात.

दगड दुसऱ्याकडून आणलात तर एक सावधगिरी. झोआंथिड आणि पॅलिथोआ या कोरलांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकतं. कापताना हातमोजे आणि चष्मा हवा. असा दगड साफ करायला उकळणं किंवा गरम पाण्याने घासणं हा जिवावरचा खेळ आहे. वाफेतून विषबाधा होऊन घरातली माणसं रुग्णालयात गेल्याची उदाहरणं आहेत.

प्रकाशाचं थोडक्यात सांगतो. पूर्वी लिटरला किती वॅट असा हिशोब असायचा आणि २५० वॅटचे मेटल हॅलाइड वर लटकायचे. प्रकाश सुरेख, पाण्यावर लाटांची जाळी पडायची, पण उष्णता इतकी की आपल्याकडे चिलरशिवाय पर्याय नव्हता. बल्बही वर्षभरात बदलावा लागे. आता ९०-१०० वॅटची एलईडी तेवढ्याच जागेला पुरते. वॅटऐवजी पार (कोरलला वापरता येणारा प्रकाश) मोजतात: मऊ कोरलना ५० ते १००, मोठ्या पॉलिपच्या कोरलना ७५ ते १५०, अॅक्रोपोराला २०० ते ३५०. एलईडीत नवशिक्याची चूक ठरलेली असते: पहिल्याच दिवशी शंभर टक्के. कोरल पांढरं पडतं आणि माणूस पाण्यात दोष शोधत बसतो. ३५-४० टक्क्यांवर सुरू करा, आठवड्याला ५ टक्के वाढवा. चार फुटी टाकीला एक दिवा मधोमध लावू नका, दोन लावा, नाहीतर फांद्यांच्या खालची बाजू सावलीत मरते.

पंपांमध्ये धारदार फवारा सोडणारे पॉवरहेड जाऊन रुंद प्रवाह देणारे प्रॉपेलर पंप आले. मऊ कोरलांना टाकीच्या दहा-पंधरा पट पाणी तासाला फिरलं तरी चालतं, अॅक्रोपोराला तीस-चाळीस पट. स्किमरमध्ये दर दोन-तीन आठवड्यांनी बदलायचा लाकडी एअरस्टोन गेला, सुयांच्या चक्राचा पंप आला. आपल्या हवेचा एक मुद्दा मात्र यंत्रांनी सुटलेला नाही. मे महिन्यात पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. जुलैत हवा दमट असते, तोच पंखा काही करत नाही आणि पाणी कमी उडाल्याने निवळीही कमी जाते. म्हणून कोकणपट्टीत चिलर घ्याच, पाणी २५-२६ अंशांवर ठेवा, आणि अल्कलिनिटी फक्त निवळीवर सोपवू नका.

माशांच्या बाबतीत झालेला बदल मला सर्वांत समाधानाचा वाटतो. पूर्वी फिलिपिन्सकडून येणारे कित्येक मासे सायनाइडने पकडलेले असत. दुकानात टवटवीत दिसायचे आणि महिन्याभरात मरायचे. क्लाउनफिशची व्यापारी पैदास मार्टिन मो यांनी फ्लोरिडात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला करून दाखवली होती. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती केली. पिवळा टँग २०१५ साली हवाईत आणि निळा टँग २०१६ साली फ्लोरिडात पहिल्यांदा बंदिवासात वाढवला गेला. पैदास केलेलाच मासा मागा. तो कोरडं खाद्य खातो आणि टाकीला सरावलेला असतो. तरीही मुख्य टाकीत सोडण्याआधी वेगळ्या टाकीत ठेवा. त्या टाकीत चिलेटेड (रसायनाने बांधून ठेवलेलं) तांबं २ ते २.५ पीपीएम, ३० दिवस, आणि ते रोज मोजायचं. मुख्य टाकीत पांढरे ठिपके आलेच तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी ७६ दिवस बिनमाशांची ठेवतात. परजीवीला मासा मिळाला नाही की त्याची साखळी तुटते, कोरल मात्र जागच्या जागी राहतं.

कायद्याचं सांगणं भाग आहे. तुमची ती पांढरी कोरलं तेव्हा दुकानात सर्रास मिळायची. आज सर्व दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, काळी आणि अग्निप्रवाळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला सांगाडाही त्यात येतो. मालवणात डायव्हिंगला गेलात तर तुकडाही उचलू नका. जुन्या सांगाड्यांचं काय करायचं ते वनविभागाला विचारा, विकू नका. परदेशी दगडी कोरलं साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीने साइटिसमधल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी आली आहे. आयातीचे कागद दाखवू न शकणाऱ्याकडून काही घेऊ नका, कितीही सुंदर असलं तरी.

आणि वीज. दिवे बंद पडले तर कोरल दोन-तीन दिवस सहज काढतं, हालचाल थांबली तर मासे काही तासांत गुदमरतात. म्हणून इन्व्हर्टरवर दिवा किंवा चिलर टाकू नका, एकच प्रवाहाचा पंप टाका. आजचे डीसी पंप १२ किंवा २४ व्होल्टवर चालतात, काहींना बॅटरी थेट जोडता येते आणि वीज गेल्यावर पंप आपोआप तिच्यावर कमी वेगाने चालू राहतो. बॅटरी बसवल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहा आणि दर सहा महिन्यांनी मुख्य प्लग काढून पंप किती तास चालतो ते घड्याळ लावून बघा.